वाळवंटातील ऊन आणि पाण्याचा हिशेब



पश्चिम राजस्थानात ऊन अमाप आणि पाणी तुटपुंजे. जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. अशा प्रदेशाचे ऊर्जाधोरण एका खात्याने आखावे आणि पाणीधोरण दुसऱ्याने, व दोघांनी एकमेकांची फाईल पाहू नये, ही शासनव्यवहाराची जुनी खोड आहे. आता विद्वान मंडळी दोन्ही विषय एकत्र गुंफणारी गणिती प्रतिमाने मांडू लागली आहेत. हे स्वागतार्हच आहे. मात्र प्रतिमान कोणती गोष्ट गृहीत धरते आणि कोणती वगळते, हे विचारण्याचा अधिकार केवळ तज्ज्ञांचा नव्हे.

‘लिमिट्स टू ग्रोथ’ हा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून साठा आणि प्रवाह यांची भाषा धोरणचर्चेत रूढ झाली. भूजलाला ती नेमकी लागू पडते. जमिनीखालचे पाणी हा साठा, पावसाचे मुरणारे पाणी ही आवक आणि पंपाचा उपसा ही जावक. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या मूल्यांकनानुसार राजस्थानात वर्षाला उपसण्याजोगे जेवढे पाणी आहे, त्याच्या जवळजवळ दीडपट उपसा होतो. म्हणजे व्याज खाऊन संपले आहे, आता मुद्दल खाणे चालू आहे.

या जावकीला लगाम कशाचा असतो? डिझेलच्या पंपाला प्रत्येक तासाचे इंधन मोजावे लागते. ते शेतकऱ्याला जाचक आहे यात शंका नाही, पण त्यामुळे पंप गरजेपुरताच चालतो. अश्वशक्तीवर ठोक आकारणी असलेल्या विजेला हा लगाम उरत नाही. तिथे पुरवठ्याचे मोजके आणि बहुधा अवेळीचे तास एवढीच मर्यादा राहते. सौरपंप आला की तीही जाते. पाण्याच्या पुढच्या घागरीचा खर्च, म्हणजेच अर्थशास्त्राच्या परिभाषेत सीमान्त खर्च, शून्यावर येतो. शेतकरी लोभी असतो म्हणून नव्हे, तर शेजाऱ्याचा पंप चालू असताना आपला बंद ठेवणे त्याला परवडत नाही, म्हणून उपसा वाढतो.

याचा अर्थ सौरपंप वाईट असा मुळीच नाही. १९५८ साली ज्याचे काम सुरू झाले, त्या राजस्थान कालव्याच्या, म्हणजे आजच्या इंदिरा गांधी कालव्याच्या लाभक्षेत्रात शेतकरी पाळीचे पाणी ‘डिग्गी’त साठवतात. डिग्गी म्हणजे शेतातले तळे. त्यातले पाणी सौरपंपाने उचलून ठिबकने दिले, तर डिझेल वाचते, रात्रीचे जागरण वाचते आणि भूजलाला धक्काही लागत नाही. राजस्थानने सौरपंपांना सुरुवातीच्या काळात अनुदान देताना तळे आणि ठिबक यांची अट घातली होती, ती शहाणपणाची होती. तोच पंप खोल कूपनलिकेवर बसवला की परिणाम उलटा होतो. यंत्र एकच, पण पाण्याचा स्रोत निराळा. साऱ्या राज्याची सरासरी काढणाऱ्या प्रतिमानात नेमका हाच फरक पुसला जातो.

ठिबकाच्या बाबतीतही भाबडेपणा नको. कोळशाचा वापर कार्यक्षम झाला की एकूण खप घटत नाही, वाढतो, हे जेव्हन्सने १८६५ सालीच दाखवून दिले होते. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ओलिताखाली आले, तर साठ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावी सहा शेतकऱ्यांनी सौरपंपधारकांची सहकारी संस्था काढली आणि २०१६ पासून उरलेली वीज जाळ्यात विकण्यास प्रारंभ केला. वीज विकता येते म्हटल्यावर पंप चालवण्याला किंमत येते, आणि गेलेला लगाम शेतकऱ्याच्याच हिताच्या रूपाने परत येतो. अर्थात सारे काही खरेदीच्या दरावर अवलंबून आहे. शेजाऱ्याला पाणी विकून त्याहून जास्त पैसे मिळत असतील, तर पाणीच विकले जाणार.

परंतु वीज विकणार कोण? ज्याच्या नावावर सातबारा आणि विहीर आहे तोच. २०१९ च्या कुसुम योजनेत स्वतंत्र सौरपंपासाठी केंद्राने ३० टक्के, राज्याने ३० टक्के आणि उरलेला ४० टक्के भार शेतकऱ्याने कर्ज काढून वा रोखीने उचलावा, अशी मूळ रचना होती. कुळाने कसणारा, शेतमजूर आणि शेळ्यामेंढ्या राखणारा यांना या हिशेबात रकानाच नाही. भाडला येथे २२४५ मेगावॉटचा सौरप्रकल्प उभा राहिला. अशा विस्तीर्ण जागा सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या असतात. प्रत्यक्षात वाळवंटातील पडीक म्हणजे बहुतेकदा कोणाचे तरी चराऊ रान असते. तिथल्या धुळीने माखलेल्या पट्ट्या धुवायलाही पाणीच लागे. पुढे पाण्याविना पुसणारी यंत्रे आली हे बरे झाले. चराऊ रानाची भरपाई मात्र यंत्राने होत नाही.

इथे महाराष्ट्राचा एक अनुभव उपयोगी पडावा. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा हक्क जमिनीला नव्हे तर माणसाला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ही गृहीते प्रतिमानात घालणे गणिताच्या दृष्टीने मुळीच अवघड नाही. सौर अनुदानाचा अर्ज मंजूर होण्यापूर्वी त्या गावचा पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढे वाचला जावा, कूपनलिकेवरच्या पंपाला वीज जाळ्यात विकण्याची सोय असल्याखेरीज अनुदान मिळू नये, आणि गावच्या चराऊ रानावर प्रकल्प आला तर विजेच्या उत्पन्नातला वाटा भूमिहीनांसह साऱ्या गावाच्या नावे जमा व्हावा, एवढ्या तीन अटी घालून तोच हिशेब पुन्हा मांडावा, आणि त्याचे आकडे जोधपूर-बिकानेरच्या गावांतून मारवाडीत वाचून दाखवावेत.