अवमान कोणाचा?

(केम, ता. करमाळा येथील भाषणाचा मजकूर)



केमचं कुंकू दूरदूर जातं. ते कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बाईची हजेरी कुठल्या वहीत असते? विषय कोर्टाचा आहे, पण त्या वहीशिवाय कोर्टात उभंच राहता येत नाही.

एसटीचा संप आठवतो ना? ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस सुरू झाला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली. कर्मचारी हटले नाहीत, तेव्हा महामंडळाने अवमानाची याचिका टाकली. मागणी विलीनीकरणाची होती, पण चर्चा सुरू झाली हुकूम मोडल्याची. शेवटी ७ एप्रिल २०२२ रोजी न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत हजर व्हायला सांगितलं. आणि हजर होणाऱ्यांना कामावर घ्या, असं महामंडळालाही बजावलं. हा दुसरा भाग आपण विसरतो. हुकूम मालकालाही बांधतो.

मालकाचा वकील मनाई हुकूम चटकन आणतो: गेटपासून इतके मीटर लांब, घोषणा बंद. आपण मात्र निकाल जिंकतो, पेढे वाटतो आणि बाई वर्षभर घरीच. असं का?

१९७१च्या न्यायालय अवमान कायद्यात जाणूनबुजून हुकूम मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण अर्ज एका वर्षाच्या आत हवा. ‘साहेब बघतो म्हणाले’ यातच ते वर्ष जातं. त्याच वर्षीच्या आपल्या राज्याच्या कामगार संघटना व अनुचित प्रथा कायद्यातही कलम ४८ आहे: कामगार न्यायालयाचा हुकूम न पाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड.

दंड सरकारात जातो, बाईच्या पदरात पडत नाही, हेही स्पष्ट सांगते. थकलेल्या पगारासाठी वसुलीचा अर्ज वेगळा. त्याच कायद्याच्या कलम ५० प्रमाणे ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. दोन्ही अर्ज हवेत. धाक एकाने बसतो, चूल दुसऱ्याने पेटते.

मालक म्हणेल, हुकूम मिळालाच नाही. म्हणून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा, स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. कामावर हजर व्हायला जाल तेव्हा लेखी अर्ज न्या, सोबत दोघी-तिघी न्या. आत घेतलं नाही तर त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. अंगठा असला तरी चालतो.