परदेशी सेवेस निघण्यापूर्वी

(धर्मग्रामाच्या महोत्सवी वर्षात, श्रीलंकेस निघालेल्या तरुण-तरुणींस उद्देशून केलेले भाषण)



आपल्या अचलपुरातील सात तरुण-तरुणी तीन आठवड्यांच्या सेवेकरिता श्रीलंकेस जाण्यास सिद्ध झाली आहेत. याफना येथील एका धर्मग्रामाने त्यांस बोलाविले आहे. मुलांचा अभ्यास घेणे, वृद्धांची शुश्रूषा करणे व मंदिराच्या आवाराची डागडुजी करणे, ही कामे तेथील धर्मगुरूंनी सुचविली आहेत. पारपत्रे हाती आली, तिकिटे निघाली, डॉक्टरांकडून तपासणीही झाली. तेव्हा तयारी पुरी झाली असे कित्येकांस वाटते. माझ्या मते मुख्य तयारी अद्याप व्हावयाची आहे, आणि तिच्याविषयीच आज चार शब्द सांगण्याचे योजिले आहे.

परंतु प्रारंभीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला थांबवून विचारले, "फादर, या सात जणांच्या विमानभाड्यात आपल्या किती गरीब मुलांची वर्षाची फी भरली असती?" प्रश्न टोचणारा खरा, पण न्याय्य होता. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आज ते देण्याचा यत्न करितो.

प्रथम हे ध्यानात घ्या की, दूरदेशी जाणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नव्हे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात जपानला गेले. ते मोठे पंडित नव्हते. काही काळ त्यांनी व्यापारही केला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. जपानी भाषा त्यांस उत्तम अवगत होती, म्हणूनच १५९३ साली जपानला गेलेल्या फ्रान्सिस्कनांस दुभाषी म्हणून त्यांचा आधार झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांस क्रूसावर मरण आले, आणि १८६२ साली पवित्र सभेने त्यांस संतपद दिले.

तुम्ही ज्या बेटावर निघाला आहा, तेथे तर गोव्याचे संत जोसेफ वाझ तुमच्या आधी गेले आहेत. बाणावली येथे १६५१ साली जन्मलेले हे धर्मगुरू १६८७ मध्ये मजुराच्या वेषात याफन्यास उतरले. डचांच्या अमलामुळे तेथील कॅथोलिकांस सुमारे तीस वर्षे उघडपणे धर्मगुरू लाभला नव्हता. वाझबाबांनी गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागितली, आणि ती माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते हे न्याहाळून आपली माणसे शोधून काढिली. १६९२ साली कँडीच्या राज्यात ते हेर समजून पकडले गेले. कैदेचा तो काळ त्यांनी सिंहली भाषा शिकण्यात घालविला. १६९७ साली तेथे देवीची साथ पसरली, तेव्हा लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी जातिधर्म न पाहता सेवा केली. १७११ साली त्यांनी तेथेच देह ठेविला. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांस संत म्हणून जाहीर केले.

आता उलट बाजू पाहा. आपल्याकडे जे आले, त्यांनी काय केले? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले. मध्यंतरी सदतीस वर्षे गेली! इतकी वर्षे त्यांनी येथील लोकांचे बोलणे ऐकिले, तेव्हा त्यांस आपल्या भाषेत तोंड उघडता आले. तुमच्याजवळ एकवीस दिवस आहेत. एवढ्या अवधीत तुम्ही याफन्याच्या लोकांस काय शिकविणार? फारसे काही नाही. परंतु शिकून पुष्कळ येऊ शकाल. आणि शिकण्याचीच तयारी करून जावे, हे माझ्या बोलण्याचे सार आहे.

या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे, ते सांगणे माझे कर्तव्य आहे. गुरुदीक्षेनंतर थोड्याच दिवसांनी मी एका हिवाळ्यात मेळघाटातील एका कोरकू वस्तीवर घोंगड्या घेऊन गेलो. कोरकू भाषेचा एक शब्द मला येत नव्हता. धर्मशिक्षक परगावी होते. त्यांची वाट पाहण्याचा धीर मला नव्हता. घरटी दोन, असा हिशेब करून मी घोंगड्या वाटिल्या आणि संध्याकाळी समाधानाने परतलो. एका छपराखाली तीन भावांचे संसार होते, तर शेजारच्या खोपटात एकटी विधवा राहत होती. हे मला कोठून कळणार? त्या भावांत जो तंटा लागला तो मिटविण्यात धर्मशिक्षकांचे कित्येक दिवस गेले. पुढे भेटले तेव्हा ते शांतपणे एवढेच म्हणाले, "फादर, तुम्ही घरे मोजलीत, माणसे मोजली नाहीत." सेमिनरीत मी पुष्कळ ग्रंथ वाचिले होते, तो धडा मात्र मला त्या साध्या माणसाने दिला.

यास्तव, माझ्या मुलांनो, निघण्यापूर्वी पुढील गोष्टी मनात पक्क्या करा. याफन्यात तामिळ बोलतात; 'वणक्कम' आणि 'नन्री' एवढे दोन शब्द तरी शुद्ध उच्चारून जा. सिंहली माणूस आभार मानताना 'स्तुती' म्हणतो. तो शब्द तुम्हांस परका वाटणार नाही. तेथील सरकारने ज्या कामास परवाना दिला असेल तेवढेच करा, आणि तो कोणत्या कामाचा आहे हे येथूनच नीट समजून घ्या. तेथील धर्मगुरूंस विचारल्यावाचून कोणास पैसा देऊ नका, पैशाचे वचन तर मुळीच देऊ नका. दुःखी माणसाचे छायाचित्र घेऊ नका. प्रभू येशूने आपल्या बहात्तर शिष्यांस पाठविताना ओझे कमी घेण्यास, एकाच घरी राहण्यास आणि समोर येईल ते खाण्यास सांगितले, हे लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचितो. पाहुण्याने यजमानाच्या स्वाधीन व्हावे, हा त्या आज्ञेचा एक अर्थ आहे.

आणखी एक. त्या देशाने १९८३ पासून २००९ पर्यंत यादवी युद्ध सोसले, आणि २१ एप्रिल २०१९ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, कोलंबो, नेगोंबो व बट्टिकलोआ येथील ख्रिस्तमंदिरांत स्फोट होऊन उपासनेस आलेली माणसे मृत्यू पावली. त्याच दिवशी कोलंबोतील हॉटेलांतही स्फोट झाले. एकूण अडीचशेहून अधिक जीव गेले. तुम्ही ज्यांच्या घरी उतराल त्यांच्या भिंतीवर एखादी तसबीर हार घातलेली असेल. त्यांस धीराचा उपदेश करू नका. ती बोलतील तर ऐका. न बोलतील तर त्यांच्याबरोबर जपमाळ म्हणा.

आता त्या वृद्ध गृहस्थांस उत्तर. बाबा, आपला हिशेब बरोबर आहे. ही मुले तीन आठवड्यांत परतून पेढे वाटतील आणि आपापल्या कामास लागतील, तर हे भाडे वाया गेले असेच मी म्हणेन. म्हणून मी त्यांस एक अट घातली आहे. निघण्यापूर्वीचे चार रविवार परतवाड्याहून घाट चढून मेळघाटात जावयाचे; तेथे काही वाटावयाचे नाही, काही शिकवावयाचे नाही. कोरकू घरांत बसावयाचे, नावे विचारावयाची, चार शब्द शिकावयाचे. आणि परत आल्यावर वर्षभर दर महिन्यास एक रविवार त्याच घरी पुन्हा जावयाचे. ज्यास घाटावरच्या शेजाऱ्याच्या ओसरीवर बसण्यास सवड नाही, त्याने समुद्र ओलांडू नये. सातही जणांनी ही अट मान्य केली आहे. ती पाळतात की नाही, यावर आपण लक्ष ठेवावे, ही आपणांस माझी विनंती आहे. आणि त्या गरीब मुलांच्या फीची व्यवस्था या महोत्सवी वर्षात निराळी करणे हे माझे आणि आपल्या धर्मग्राममंडळाचे काम आहे. तेही आपण विसरू देऊ नये.

पवित्र मरिया, जी आपल्या नातलग स्त्रीच्या साह्यासाठी डोंगराळ मुलुखात त्वरेने गेली व सुमारे तीन महिने राहून घरी परतली, ती या मुलांस सांभाळो. आपण सर्वांनी त्यांजकरिता, आणि त्यांस आपल्या घरात घेणाऱ्या याफन्याच्या कुटुंबांकरिता, आज रात्री एक जपमाळ म्हणावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.