पहिला कागद जपून ठेवा

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे उपचार पुरे करून घरी आलेल्या माझ्या बहिणींशी आणि त्यांच्या घरच्यांशी आज बोलायचंय. लाईट, म्हणजे रेडिएशन, झाले, केमो झाली. पुढच्या तपासणीला डॉक्टर कधी कधी एससीसी अँटिजेन ही रक्ततपासणी लिहून देतात. तेव्हा याच तपासणीचा उपचारांआधीचा रिपोर्ट सोबत असू द्या. नेमका तोच घरी हरवलेला असतो!

1977 साली जपानी संशोधकांनी शोधलेला एससीसी अँटिजेन हा पदार्थ स्क्वॅमस जातीच्या गाठीमुळे रक्तात वाढतो. उपचार लागू पडले की आकडा उतरतो. उतरलाच नाही, किंवा उतरून पुन्हा चढू लागला, तर आजाराची शंका घ्यायची. पण चढला की उतरला, हे ठरवायचं कशावरून? पहिल्या आकड्यावरून. ज्या बाईचा आकडा मुळातच वाढलेला नव्हता, तिला पुढचा नॉर्मल रिपोर्ट फारसा धीर देऊ शकत नाही.

हरळीचं बघा. रान नांगरून स्वच्छ दिसलं, तरी आपल्या बारामती-इंदापूरचा शेतकरी निर्धास्त होत नाही. जमिनीखालच्या काशीचा एखादा तुकडा राहिलेला असतो, पाणी दिलं की फुटतो. आधी हरळी कुठल्या बांधाला, किती होती, हे ज्याच्या ध्यानात असतं त्यालाच नवा कोंब वेळेत दिसतो. आणि त्यासाठी रानात उतरावं लागतं, रस्त्यावरून बघून भागत नाही. म्हणून आकडा चांगला आला तरी आतली तपासणी चुकवू नका.

का चुकवू नये, ते बघा. मुंबईच्या टाटा रुग्णालयातला, याच कॅन्सरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या 850 बायकांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. लाईटसोबत केमो घेतलेल्यांपैकी 54 टक्के बायका पाच वर्षांनी हयात होत्या, नुसत्या लाईटवरच्या 46 टक्के. उपचारांनी फरक पडतो, पण धोका उरतो, आणि आजार उलटला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच. तेवढा काळ घरात लग्न असो की शेतात ऊसतोड, दिलेली तारीख मोडायची नाही.

एकाच वाढलेल्या आकड्याने घाबरूही नका. सोरायसिसनं, किडनीच्या आजारानंही तो चढतो. लॅब बदलली तरी फरक पडतो, म्हणून शक्यतो लॅब एकच ठेवा.

शेवटी पुन्हा तेच सांगते. पुण्याला जा, बार्शीला जा, मुंबईला जा, उपचारांआधीचा कागद सोबत न्या. हरवला असेल तर जिथं उपचार झाले तिथून नक्कल मागून घ्या. याच आठवड्यात मागा.