पाटील, देशमुख आणि जर्मनीतले शुल्त्से
(कंधार येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आडनावांवर बोलायचे तर कंधारइतके योग्य गाव मला दुसरे सुचत नाही. राष्ट्रकूट घराण्यातला तिसरा कृष्ण दहाव्या शतकात स्वतःला कंधारपुराधीश्वर म्हणवून घेत असे, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण 'राष्ट्रकूट' हे नावच मुळात हुद्द्याचे आहे, इकडे आपले लक्ष जात नाही. त्या काळी राष्ट्र म्हणजे राज्यातला एक मुलूख. त्याच्यावरचा अधिकारी राष्ट्रकूट आणि गावावरचा ग्रामकूट. ताम्रपटात राजा दान देतो तेव्हा आज्ञा सुटते ती राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट, महत्तर अशा उतरंडीने. या घराण्याचे पूर्वज असेच मुलूखप्रमुख असावेत आणि त्यांच्या हुद्द्याचेच पुढे कुळनाव झाले असावे, असे बरेच इतिहासकार मानतात. म्हणजे इथला जगत्तुंग सागर तलाव ज्यांच्या बिरुदाने ओळखला जातो, ते सम्राट हुद्द्याचेच आडनाव लावत होते. पुढे राज्ये बदलली, दरबारची भाषा बदलली, पण मुलखाच्या प्रमुखाची जागा राहिली. तिच्यावर बसलेल्याला लोक देशमुख म्हणू लागले.

धंद्यावरून आडनाव पडते, हे आपण ऐकत आलो आहोत. मला त्यात भर घालायची आहे. नुसत्या कामाने आडनाव टिकत नाही. कामामागे कागदावरचा हक्क लागतो, पिढीजात, वारसाने जाणारा. आपल्याकडे त्या हक्काला वतन म्हणत. ज्या कामाला मानाचे वतन मिळाले, त्याचे आडनाव वाढले. बाकीची कामे गावाने रोज करून घेतली आणि नावापुरती विसरून टाकली.

पाटलाचेच घ्या. माळव्याच्या परमारांच्या ताम्रपटांत गावोगावच्या 'पट्टकिलां'ना उद्देशून आज्ञा आहेत. पाटील हा शब्द तिथून आला असे मानतात. सुलतानी अमलात त्यालाच कागदोपत्री मोकदम म्हणू लागले. हा शब्द आजही आपल्या कानावर रोज पडतो, ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाच्या रूपाने.

कधी जुना महजर हातात आला तर मजकूर नंतर वाचा, आधी तळ पाहा. महजर म्हणजे गोतसभेचा निवाडा. त्याच्या शेवटी गावच्या हकदारांच्या खुणा असतात. पाटलाच्या नावापुढे लहानसा नांगर काढलेला असतो, त्याला 'निशाणी नांगर' म्हणत. शेट्याची निशाणी तराजू, न्हाव्याचा आरसा. सही करता येत नव्हती म्हणून या खुणा, असे सरसकट समजतात, ते मला अपुरे वाटते. खुणेतून माणूस सांगत असे की मी या गावच्या कोणत्या हक्काचा धनी आहे. आडनावाचे काम ती निशाणी करीत होती. म्हणून कागदात नाव येते ते 'अमुक बिन तमुक, मोकदम, मौजे अमुक' असे. घराण्याचे कुळनाव, म्हणजे कदम, जाधव, शिंदे, सोयरिकीच्या वेळी निघे. पाटील हे गावाच्या दरबारातले नाव होते.

आता अशी पदे घेऊन नकाशावर फिरू. परगण्याचा प्रमुख देशावर आणि आपल्याकडे देशमुख. कोकणात उतरलात की तोच देसाई किंवा सरदेसाई. कर्नाटकात गेलात की नाडगौडा. त्याच परगण्याचा हिशेब ठेवणारा आपला देशपांडे, तिकडचा नाडकर्णी. गावाचा हिशेब कुलकर्ण्याकडे, कन्नड मुलखात शानभागाकडे, आंध्रात करणमाकडे, आणि आपल्या निजामी मराठवाड्यात पटवाऱ्याकडे. कोकणात खोत आहेत, गोव्यात गावकर आहेत. पद एकच असून आडनाव कुठे बदलते ते टिपत गेले, तर जुन्या राजवटींच्या सीमा हाती लागतात. आजच्या राज्यांच्या सीमांशी त्या जुळत नाहीत.

आपला नांदेड जिल्हा तर अशा दोन प्रदेशांच्या सांध्यावर बसला आहे. मन्याडच्या खोऱ्यातून पूर्वेला मुखेड, नायगाव, देगलूर, बिलोली, धर्माबादकडे निघा. '-कर' आणि '-गे' हळूहळू मागे पडतात, '-वार' आणि '-वाड' वाढू लागतात. तेलुगूत 'वारू' आदराने म्हणतात आणि 'वाडू' एकेरीत. या दोन शेवटांमध्ये व्यापारी आणि कष्टकरी जातींमधले जुने अंतर गोठून राहिले असावे, असे मला वाटते, आणि तो शोध कोणीतरी नीट घ्यायला हवा.

जर्मनीत या विषयाचा अभ्यास फार पुढे गेला आहे. 2005 सालच्या दूरध्वनी जोडण्यांच्या यादीवरून फ्रायबुर्ग आणि माइन्झ इथल्या विद्यापीठांनी आडनावांचे नकाशे केले, त्याचे जाडजूड खंड निघाले. त्या देशातली वरच्या क्रमांकांची आडनावे धंद्याची आहेत. म्युलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा, श्मिट म्हणजे लोहार, मायर म्हणजे जमीनदाराच्या वाड्याचा कारभारी. आणि त्यांच्यात एक आहे शुल्त्से. मालकाची देणी वसूल करणारा, गावचा न्याय पाहणारा, गावप्रमुख. म्हणजे आपला पाटीलच.

हे शुल्त्से आणि शुल्त्स पूर्व जर्मनीत दाट आहेत. त्याचे कारण मोठे बोलके आहे. बाराव्या-तेराव्या शतकात एल्ब नदीच्या पूर्वेला नवी गावे वसवली गेली. सरदार एखाद्या धडाडीच्या माणसाला गाव वसवण्याचे काम देई. तो माणसे आणी, जंगल तोडून घेई, जमिनीचे वाटे पाडी. बदल्यात त्याला गावप्रमुखपद वंशपरंपरेने मिळे, काही जमीन साऱ्याविना मिळे, आणि गावात होणाऱ्या दंडाचा तिसरा हिस्सा त्याचा. आपल्या कोणत्याही वतनदाराला ही सनद वाचून दाखवली असती, तर त्याला एकही कलम समजावून सांगावे लागले नसते.

गावोगाव शुल्त्से झाले, तेव्हा पुढची अडचणही आपल्यासारखीच आली. 1848 साली प्रशियाच्या राष्ट्रीय सभेत हेरमान शुल्त्से नावाचे प्रतिनिधी निवडून गेले. सभेत शुल्त्से आणखीही होते. मग आपली ओळख वेगळी राहावी म्हणून ते डेलिच या आपल्या गावाचे नाव जोडू लागले आणि शुल्त्से-डेलिच झाले. आता लातूर जिल्ह्याकडे पाहा. शिवाजीराव पाटील निलंगेकर. शिवराज पाटील चाकूरकर. पद तेच, अडचण तीच, आणि तोडगाही तोच! आणखी एक धागा आहे. हे शुल्त्से-डेलिच म्हणजे जर्मनीतल्या सहकारी पतपेढ्यांचे जनक. फ्रेडरिक निकल्सन यांनी मद्रास सरकारसाठी युरोपातल्या पतपेढ्यांचा अहवाल लिहिला, त्यात या जर्मन प्रयोगांचा मोठा वाटा होता, आणि 1904 चा हिंदुस्थानातला पहिला सहकारी पतसंस्था कायदा त्या वाटेने आला. आपल्याकडच्या सहकारी पतपेढ्यांच्या मुळाशी असा एक जर्मन पाटील उभा आहे.

म्युलरकडे मात्र मी थांबणार आहे. जर्मनीतले सर्वांत मोठे आडनाव चक्कीवाल्याचे, आणि मराठीत त्या कामाचे म्हणावे असे आडनाव मला आढळलेले नाही. दळण तर आपण त्यांच्याइतकेच खात आलो. फरक असा की तिकडे गावकऱ्यांना मालकाच्याच चक्कीवर दळावे लागे, तसा कायदाच होता. चक्कीवाल्याचे उत्पन्न ठरलेले, त्याचा हक्क लिहिलेला. म्हणून गावागणिक एक म्युलर. आपल्याकडे पहाटे जात्यावर बाई बसली. ज्वारीचे दळण रोजचे, वैरण घालायचा हात आणि खुंट्याचा हात दोन्ही तिचेच. त्या कष्टाला बलुते नव्हते, वतन नव्हते, निशाणी नव्हती. त्यातून ओव्या निघाल्या, आडनाव निघाले नाही. सुईणीचेही तसेच. सगळ्या गावाची पोरे तिच्या हातात जन्मली, पण तिच्या कामाचे आडनाव लावणारे घर मला सापडलेले नाही. आपल्या आडनावांच्या यादीत बाईच्या श्रमाला जागा नाही, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत जड गोष्ट वाटते.

दुसरीही एक बाजू बोलली पाहिजे. वतन सर्वांना मानाचे नव्हते. वेशीची राखण, सांगावा पोचवणे, मेलेले ढोर ओढणे, सरकारी माणसाच्या दिमतीला राबणे, ही महारकीही वतनच होती. रात्रंदिवसाची ती वेठ होती, आणि तिच्यातून निघालेली नावे, वेसकर, तराळ, मानाने लावावीत अशी गावाने ठेवली नव्हती. शंकरराव खरातांनी आत्मचरित्राचे नाव 'तराळ-अंतराळ' ठेवले, त्यात त्या कामाची सगळी आग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. तिकडे पाटीलकीसाठी भाऊबंदांचे पिढ्यान् पिढ्या खटले चालत होते, आणि इकडे आपल्या माणसांच्या गळ्यातले वतन सुटावे म्हणून हा लढा. वतन या शब्दात दोन्ही मावत होते.

मराठवाड्यात या हक्कांचे पुढे काय झाले? निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी 1865 च्या सुमारास जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले, आणि पगारी तालुकदार-तहसीलदार नेमले. देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम गेले, त्यांना रोख रुसूम लावून दिला. म्हणजे आपल्याकडचा देशमुख दीडशेहून अधिक वर्षे देशाचा मुख नाही. ते तेव्हापासून निव्वळ आडनाव आहे. गावपातळीवर माली म्हणजे महसूल पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी मात्र निजामी संपल्यावरही टिकले. 1948 ला हैदराबाद मुक्त झाले, 1960 ला आपण महाराष्ट्रात आलो, आणि 1962 च्या कायद्याने महसूल पाटलाचे पिढीजात पद गेले. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील अर्ज मागवून नेमला जाऊ लागला. आता त्या जागेवर कोणत्याही जातीची, कोणत्याही आडनावाची बाई किंवा पुरुष बसू शकतो. पद मोकळे झाले आणि आडनाव घराण्याकडे राहिले.

गेली काही वर्षे आपल्या भागात घरोघरी जुने कागद शोधले जात आहेत. कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामापासून खासरा पत्रक, पाहणी पत्रक, 1951 चे रजिस्टर हे शब्द चहाच्या टपरीवर बोलले जातात. लोक त्यात 'कुणबी' ही एकच नोंद शोधतात, ते स्वाभाविक आहे. पण कागद हातात आलाच आहे तर सबंध वाचा. निजामी दप्तरात बहुधा आडनाव सापडणार नाही; 'अमुक वल्द तमुक' एवढेच असेल. आडनाव पुढे कधी चढले ते शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात दिसेल. पणजोबा आणि आजोबा यांच्यामध्ये कोणत्या साली, कोणाच्या अक्षरात ते आले, ते पाहा. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे आपल्या तालुक्यात अजून आहेत, ती पंचाहत्तरीच्या पुढची आहेत. त्यांच्याजवळ महाविद्यालयाची चार पोरे बसवा. गावाच्या मतदार यादीतून आडनावे उतरवून घ्या, कंधार, लोहा आणि मुखेड एवढे तीन तालुके घेतले तरी चालतील. पहिला नकाशा पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर मांडता येईल, आणि तो मांडायला मी येईन.