आर्थिक गुन्हेगारी आणि विद्यार्थ्यांचे कर्तव्य



२४ नोव्हेंबर २०२१ ही तारीख मलकापूर शहर सहजासहजी विसरणार नाही. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध लादले. खात्यात कितीही रक्कम असो, ठेवीदाराला दहा हजार रुपयांपेक्षा अधिक काढता येणार नव्हते. कुणाच्या मुलीचे लग्न ठरलेले, कुणाचे औषधपाणी चाललेले, कुणी कापूस विकून आलेले पैसे नुकतेच जमा केलेले. अशा घरांवर दहा हजारांची मर्यादा म्हणजे काय संकट असते, हे बुलडाणा जिल्ह्यात कोणालाही समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे ५ जुलै २०२३ रोजी या बँकेचा परवानाच रद्द झाला. पुरेसे भांडवल नाही आणि उत्पन्नाची शक्यता नाही, असे कारण रिझर्व्ह बँकेने दिले. ९७ टक्क्यांहून अधिक ठेवीदार ठेव विमा महामंडळाकडून संपूर्ण रक्कम मिळण्यास पात्र असल्याचेही त्याच वेळी जाहीर झाले.

बँक बुडाली म्हणजे तेथे गुन्हाच घडला, असे मानणे अन्यायाचे होईल. परंतु या घटनेने एक प्रश्न मात्र उभा केला. ठेव विम्याची मर्यादा पाच लाख रुपये आहे, ती ४ फेब्रुवारी २०२० पासून झाली, त्यापूर्वी ती अवघी एक लाख होती आणि हे संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही, या चार साध्या गोष्टी जिल्ह्यातील किती घरांना ठाऊक होत्या? ज्याने आयुष्यभर काटकसर करून चार पैसे साठवले, त्याला ते कोठे सुरक्षित आहेत एवढेही सांगणारे कोणी भेटू नये, ही सुशिक्षित समाजाला शोभणारी गोष्ट नव्हे.

शेजारच्या जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्यीय पतसंस्थेचे प्रकरण २०१५ मध्ये राज्यभर गाजले. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे प्रकरण २०२४ मध्ये पोलिसांपाठोपाठ सक्तवसुली संचालनालयापर्यंत पोहोचले. अशा प्रत्येक प्रकरणात ठेवीदाराच्या वाट्याला एकच दृश्य येते : हातात पावत्यांची पिशवी, आणि कोठे जावे याची माहिती नाही.

गुन्हेगाराने विद्यार्थ्याला हेरले आहे

हे झाले संस्थांचे. त्याच्याच जोडीला घराघरांतील मोबाइलवरून होणारी लूट आली आहे. वीजबिल थकल्याचा संदेश, बनावट कर्जाचे ॲप, शेअर बाजारात दामदुप्पट करून देणारा गट, आणि पोलिसी गणवेश घालून पडद्यावर बसलेला भामटा करीत असलेली ‘डिजिटल अरेस्ट’! अशा अटकेला भारतीय कायद्यात कोणतेही स्थान नाही. तरीही निवृत्त शिक्षक, बँकेचे माजी अधिकारी, डॉक्टर अशी जाणती माणसे तिला बळी पडली. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३ मध्ये सायबर फसवणुकीत भारतीयांचे ७,४६५ कोटी रुपये गेले होते. २०२४ मध्ये हाच आकडा २२,८४५ कोटींवर पोहोचला. एका वर्षात तिपटीहून अधिक वाढ!

लुटलेला पैसा लुटारूच्या स्वतःच्या नावावर कधीच जमा होत नाही. त्याला दुसऱ्याचे खाते लागते. येथेच महाविद्यालयीन विद्यार्थी या कथेत प्रवेश करतो. “तुझे खाते काही दिवस वापरायला दे, व्यवहारामागे इतके टक्के कमिशन मिळेल,” अशी गळ त्याला घातली जाते. खोलीभाडे थकलेले असते, गावाकडे यंदा सोयाबीनने दगा दिलेला असतो आणि पासबुक, एटीएम कार्ड व सिमकार्ड एवढ्यावर काम भागत असते. अशा खात्यांना बँकिंगच्या भाषेत ‘म्यूल’, म्हणजे ओझ्याचे खेचर म्हणतात. ती शोधून काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राला ‘म्यूलहंटर’ नावाची स्वतंत्र संगणकीय यंत्रणा उभारावी लागली, यावरून या रोगाचा फैलाव लक्षात यावा. पोलीस दारात येतात तेव्हा भामटा शेकडो मैल दूर असतो. गुन्ह्यात नाव लागते ते खातेदार विद्यार्थ्याचे. त्याची नोकरी, पारपत्र, चारित्र्य पडताळणी, सारे काही धोक्यात येते.

तात्पर्य, गुन्हेगारी जगताने विद्यार्थ्याला केव्हाच हेरले आहे. त्याचा उत्साह, त्याचे तंत्रज्ञान, त्याची गरज या साऱ्यांची किंमत तेथे ठरलेली आहे. मग न्यायव्यवस्थेने आणि समाजाने त्याला केव्हा हेरायचे?

एकशेवीस तासांची संधी

या प्रश्नाचे एक उत्तर आता अभ्यासक्रमातच उपलब्ध झाले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी शिक्षणात आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, हा श्रेयांक असलेला भाग झाला. एका श्रेयांकासाठी तीस तास, म्हणजे चार श्रेयांकांसाठी एकशेवीस तास प्रत्यक्ष काम. विधी शाखेत तर भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी किमान बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी किमान वीस आठवड्यांची आंतरवासिता पूर्वीपासूनच आवश्यक केलेली आहे. शिवाय केंद्रीय युवक कल्याण मंत्रालय व गृह मंत्रालय यांनी पदवी विद्यार्थ्यांना पोलीस ठाण्यात एकशेवीस तासांचा अनुभव देणारी ‘स्टुडंट पोलीस एक्स्पीरियन्शियल लर्निंग’ योजना आणली आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि १९९० मध्ये बंदीजनांसाठी ‘प्रयास’ हा प्रकल्प उभारला. समाजकार्याचे प्रशिक्षण आणि पोलीस ठाणे, न्यायालय, कारागृह यांची सांगड घालता येते, हे त्यातून सिद्ध झाले. तो विशेष कक्ष पुढे राज्य शासनाने जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. म्हणजे शिक्षणसंस्थेने सुरू केलेले काम शासनाची व्यवस्था बनू शकते.

प्रश्न आहे तो या एकशेवीस तासांचे काय होणार हा. ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का, मामाच्या कार्यालयातील प्रमाणपत्र, दुसऱ्याच्या अहवालाची नक्कल, असे ते संपवता येतात. किंवा बुलडाणा, खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकर, शेगाव येथील महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी निवडक मुलामुलींची एक शिस्तबद्ध फळी त्यातून उभी करता येते.

काम कोठे आणि कोणते?

पहिले क्षेत्र पोलीस ठाणे आणि सायबर कक्ष. फसवणूक झाल्यानंतरचे पहिले काही तास सोन्यासारखे असतात. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवली, तर पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळण्यापूर्वी गोठवता येतो. या यंत्रणेमुळे साडेपाच हजार कोटींच्या आसपास रक्कम वाचल्याचे जुलै २०२५ मध्ये संसदेत सांगण्यात आले. परंतु घाबरलेल्या माणसाला व्यवहाराचा क्रमांक कोठे सापडतो, कोणता संदेश पुसू नये, बँकेला काय कळवावे, हे सुचत नाही. त्याच्याजवळ बसून, धीर देऊन ही माहिती कागदावर क्रमाने मांडणे विद्यार्थ्याला निश्चित जमेल. संगणकशास्त्र व अभियांत्रिकीच्या मुलांना तर यातून पुस्तकात न मिळणारे शिक्षण मिळेल.

दुसरे क्षेत्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. १५१०० हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार प्रथमच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने संबंधित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ कारागृहात काढला असेल, तर काही अपवाद वगळता त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. असे कैदी शोधायचे, तर कोणी तरी कागद पाहून दिवस मोजावे लागतात. न्याय पुष्कळदा असा दिवस मोजण्याच्या साध्या कामापाशी अडून राहतो. विधी शाखेचे दोन तत्पर विद्यार्थी प्राधिकरणाच्या देखरेखीखाली हे काम करू शकतात.

तिसरे क्षेत्र पैशाच्या हिशेबाचे आणि वाणिज्य शाखेला ते विशेष जवळचे आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजकोशाच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले. साधने बदलली, मनुष्यस्वभाव तोच राहिला! महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. त्यानुसार फसवणूक करणाऱ्या वित्तीय संस्थेची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे पैसे परत करण्याचा मार्ग आहे. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घातली. परंतु कायद्याला पुरावा लागतो. ठेवपावती, पासबुक, नामनिर्देशन, व्याज मिळाल्याच्या नोंदी यांचे व्यवस्थित संच तयार करून ठेवीदाराचा दावा मांडायला मदत करणे, ही वाणिज्य पदवीधराची खरी परीक्षा ठरेल.

त्याहून मोलाचे काम गुन्हा घडण्यापूर्वीचे. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल सभासदाच्या हाती येतो, तो बहुधा न वाचता रद्दीत जातो. लेखापरीक्षणात संस्थेला कोणता वर्ग मिळाला, थकीत कर्ज किती, कर्जे मोजक्याच हातांत गेली आहेत काय, बाजारापेक्षा दोन-तीन टक्के अधिक व्याज कशाच्या बळावर दिले जाते, असे प्रश्न विचारायला विद्यार्थ्याने गावातील दहा सभासदांना शिकवले, तरी संस्थेचे संचालक सावध राहतील. सहकार हा विदर्भातील सामान्य माणसाचा आधार आहे. बुलडाणा, वर्धा आणि नागपूर या तीन जिल्हा मध्यवर्ती बँका मागील दशकात शासकीय साहाय्याने सावरल्या, हा अनुभव विस्मरणात जाऊ नये. जागरूक सभासद हा सहकाराचा शत्रू नव्हे. प्रामाणिक संचालकाला त्याच्यासारखा दुसरा मित्र नाही.

मर्यादांचे भान

उत्साहाला मर्यादेची जोड नसेल तर हा उपक्रम अंगाशी येईल. तपास करण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नाही, आरोपीची चौकशी करण्याचा तर मुळीच नाही. ठाण्यात कानावर पडलेली गोष्ट घरी, मित्रांत वा मोबाइलवरील गटात सांगायची नाही. कागदांची छायाचित्रे घ्यायची नाहीत. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे, हे पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. आपल्या नात्यातील वा गावकीतील प्रकरण आले, तर विद्यार्थ्याने त्यातून बाजूला व्हावे. विद्यार्थिनींच्या कामाच्या वेळा दिवसाच्या असाव्यात आणि एक प्राध्यापिका त्यांच्या संपर्कात असावी. दुसऱ्या बाजूने, ठाण्यातील चहा आणायला किंवा नुसती फाइल उचलायला मिळालेला फुकटचा मुलगा, या दृष्टीने त्याच्याकडे पाहिले जाणार नाही, याची हमी अधिकाऱ्यांनीही दिली पाहिजे.

या शिस्तीचा आदर्श जिल्ह्यातच आहे. शेगावला श्री गजानन महाराज संस्थानात पाळीप्रमाणे येणारा सेवेकरी नेमून दिलेले काम करतो, मोबदला घेत नाही, मिरवत नाही आणि पाळी संपली की मुकाट्याने घरी जातो. हाच सेवाभाव कायद्याच्या दारात नेला, तर त्याचे रूपांतर नागरिकत्वाच्या संस्कारात होईल.

एकशेवीस तासांची विभागणीही सहज करता येईल. तीस तास कायदा, पुरावा आणि गोपनीयता यांचा अभ्यास. चाळीस तास पोलीस ठाणे अथवा सायबर कक्ष. वीस तास न्यायालय व विधी सेवा प्राधिकरण. उरलेले तीस तास गावातील बचतगट, ज्येष्ठ नागरिक आणि पतसंस्थेचे सभासद यांच्यात. रोजची दैनंदिनी आणि प्रत्यक्ष मदत झालेल्या कामांची नोंद, यांवरच गुण द्यावेत. शिक्क्याला गुण नकोत.

घरापासून प्रारंभ

पालकांनीही एका गोष्टीचा विचार करावा. “पोलीस स्टेशनची पायरी चढू नये” हे वाक्य कित्येक घरांत मुलांना संस्कार म्हणून शिकवले जाते. सज्जन माणूस ही पायरी टाळतो, म्हणून तेथे दलालाचे फावते. फसवला गेलेला वृद्ध लाजेपायी तक्रार करीत नाही आणि भामट्याला पुढचे घर मोकळे मिळते. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी महिनाभर ठाण्यात, न्यायालयात बसून आलेली आहे, त्या घरात ही भीती राहणार नाही. त्या घरातील मुलाला कमिशनच्या मोबदल्यात खाते मागायला येणाराही दोनदा विचार करील.

बुलडाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातून पहिल्या वर्षी पाच विद्यार्थी निवडले, तरी पासष्ट होतात. एखादे महाविद्यालय, एक तळमळीचा प्राध्यापक, एक निवृत्त बँक अधिकारी आणि एक वकील एवढी माणसे एकत्र आली, तर प्राचार्यांच्या सहीचे पत्र घेऊन जिल्हा पोलीस अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे जाता येते. यासाठी नवा कायदा नको, मोठा निधी नको. कार्यकर्त्यांनी पुढच्या सत्राचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी आपापल्या गावच्या महाविद्यालयात जाऊन एवढेच विचारावे : यंदाचे एकशेवीस तास कोठे जाणार आहेत?