मधपेटींतली तार आणि मेणपत्रा



मधमाशा पाळण्याचा विषय निघाला कीं आपल्यापुढें महाबळेश्वर उभें राहतें, आणि तें योग्यच आहे. त्याच तालुक्यांतील मांघर हें खेडें २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें. पण माशी कांहीं थंड हवेची मिरासदार नव्हे. बदलापुराकडे जांभळीला मोहोर येतो तेव्हां झाडाखालीं घटकाभर उभे राहा, म्हणजे वर चाललेला गुंजारव आपोआप कानीं पडेल. अशा ठिकाणीं परसांत एखादी पेटी ठेवावी, असें ज्यांच्या मनांत येतें, त्यांच्यासाठीं आजचें हें भाषण आहे. विषय अगदीं लहान आहे : चौकटींत ओवावयाची तार आणि तिच्यावर बसवावयाचा मेणपत्रा. परंतु या लहान गोष्टीवर सबंध वसाहतीचा संसार टांगलेला असतो.

रानांतल्या पोळ्याला तार लागत नाहीं, मग पेटींतल्या पोळ्याला कां लागावी, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचें उत्तर या विद्येच्या इतिहासांत आहे. अमेरिकेंत लॅंगस्ट्रॉथ यांनीं १८५१ सालीं उचलून बाहेर काढतां येणाऱ्या चौकटींची पेटी सिद्ध केली. १८५७ सालीं जर्मनींत मेरिंग यांनीं षट्कोनी ठशांचा मेणाचा पत्रा तयार केला. १८६५ च्या सुमारास हृश्का यांनीं पोळें न मोडतां गरगर फिरवून मध काढण्याचें यंत्र दाखविलें. या तीन युक्त्यांनीं पोळें हें वर्षानुवर्षें वापरण्याचें साधन झालें. मात्र रानांतलें पोळें आपल्या जागीं स्वस्थ लोंबकळत असतें. पेटींतलें पोळें आपण उचलतों, उलटसुलट करून पाहतों आणि यंत्रांत घालून फिरवितों. नुसत्या मेणाला हा ताण सोसत नाहीं. भिंतीला जसा आंतून लोखंडी गज, तशी पोळ्याला ही तार.

आपल्या भागांत आणखी एक कारण आहे, तें म्हणजे उन्हाळा. मेण वितळतें ६२ ते ६५ अंशांना. पण चाळिसाच्या आसपासच तें मऊ पडूं लागतें. बदलापूर-अंबरनाथकडे चैत्र-वैशाखांत पारा कित्येकदां चाळिसापलीकडे जातो. माशा पाणी आणून, पंखांनीं वारा घालून पिलाव्याजवळची उष्णता पस्तीस अंशांच्या आसपास राखतात. परंतु पत्र्याच्या छपराखालीं, पश्चिमेच्या उन्हांत ठेवलेल्या पेटींत त्यांचे श्रम अपुरे पडतात. अशा वेळीं मधानें जड झालेलें बिनतारेचें पोळें खालीं बसलें, तर पिलें चिरडतात, माशा मधांत बुडतात आणि राणीही सांपडूं शकते. आपली सातेरी माशी स्वभावानें मानी. असा प्रसंग आला कीं उरलेलें कुटुंब पेटी सोडून निघून जातें. एका चौकटीला लागते दोन हात तार. तेवढ्या तारेची काटकसर करून अख्खी वसाहत गमावणें हा व्यवहार नव्हे.

आतां तार कोणती घ्यावी ? उल्हासनगरच्या बाजारांत जाऊन ‘बारीक तार द्या’ एवढेंच म्हटलें, तर दुकानदार जी हाताशीं येईल ती देईल. म्हणून काय नको, तें आधीं सांगतों. बांधकामाची काळी तार नको. ती मऊ असते आणि गंजते. तांब्याची नको, ती ताणली कीं लांबते, आणि मेणा-मधांतील आम्लानें हिरवी पडते. जस्ताचा मुलामा दिलेलीही नको, कारण मध आम्लधर्मी असल्यामुळें जस्त त्यांत उतरतें. मासे धरण्याची तंगूस कोणी सुचवितात. पण ती तापवून मेणांत बसवितां येत नाहीं. घ्यावी ती कथिलाचा मुलामा दिलेली पोलादी तार, किंवा न गंजणाऱ्या पोलादाची.

जाडीविषयीं एक खूण ध्यानांत ठेवावी : तारेचा नंबर वाढला कीं जाडी घटते. २६ नंबरची तार सुमारें ०.४६ मिलिमीटर, २८ नंबरची ०.३८ आणि ३० नंबरची ०.३२ मिलिमीटर भरते. फार जाड तार मेणांत नीट बुडत नाहीं. उघड्या तारेभोंवतीं माशा मेण कुरतडतात व त्या ओळींतल्या घरांत पिलावा धड वाढत नाहीं. फार बारीक तार तापलेल्या मेणाला सुरीसारखी चिरते. म्हणून २८ नंबर हा मध्यम मार्ग उत्तम.

सातेरीच्या लहान पेटींत पिलावा-चौकट आंतून सुमारें २१ सेंटिमीटर लांब व साडेचौदा सेंटिमीटर उंच असते. तिला दोन किंवा तीन आडव्या तारा पुरतात. युरोपीय माशीच्या मोठ्या चौकटीला चार लागतात. बाजूच्या पट्ट्यांच्या छिद्रांत पितळी डोळे बसवावे, नाहींतर ताणलेली तार लांकडांत रुतून सैल पडते. ताण किती द्यावा ? बोटानें छेडली असतां तंबोऱ्याप्रमाणें स्वच्छ नाद निघाला पाहिजे. पण पट्ट्या आंत वांकतां कामा नये. जें पोळें मेणासकट कापून खावयाचें, त्यांत मात्र तार घालूंच नये.

मेणपत्रा घेतांना दोन गोष्टी पाहाव्या. पहिली, ठशाचें माप. युरोपीय माशीचीं दहा घरें ओळीनें मोजलीं तर ५३-५४ मिलिमीटर भरतात. सातेरीचीं त्याहून कमी, आणि घाटावर व खालीं त्यांतही फरक पडतो. म्हणून आपल्याच वसाहतीचीं दहा घरें मोजून मग पत्रा मागवावा. दुसरी, मेणाची शुद्धता. पॅराफिन मिसळलेला पत्रा उन्हांत लवकर लोळतो. परीक्षा सोपी आहे : पाण्यांत हळूहळू मद्यार्क मिसळून खात्रीच्या मेणाचा तुकडा नुकता बुडेल असें द्रावण करावें, त्यांत संशयाचा तुकडा तरंगला तर पॅराफिनची शंका घ्यावी, कारण पॅराफिन मेणाहून हलकें.

पत्रा बसविण्यासाठीं चौकटीच्या आंत मावेल अशी फळी ओल्या फडक्यानें झांकावी, तीवर पत्रा व त्यावर तारा येऊं द्याव्या, आणि गरम केलेलें दांतेरी चाक तारेवरून फिरवावें. कोणी बारा व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह दोन-चार क्षण देऊन तार तापवितात. तोही मार्ग चांगला. पण घरच्या विजेच्या खटक्याला तार जोडण्याचा अविचार कोणी करूं नये. त्यांत प्राणावर बेतेल. पत्र्याखालीं थोडी फट ठेवावी, कारण उष्णतेनें मेण वाढतें.

तारा मार्गशीर्ष-पौषांत ओवून ठेवाव्या आणि पत्रे मोहोर सुरू होतांना पेटींत द्यावे. बाहेरून मकरंद येत असेल तरच माशा पत्र्यावर घरें उभारतात. अधिक शिकूं इच्छिणारांस १९६२ पासून पुण्यांत असलेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

किलोभर मेण स्रवण्यासाठीं माशांना कित्येक किलो मध खर्ची घालावा लागतो. तें कष्टाचें धन आपण त्यांच्याकडून घेतों. त्या धनाला आधार देणारी दोन हात तार तेवढी नीट पारखून घालणें, हें आपल्याकडचें देणें आहे.