खेळाआधीच लागलेली यादी

(हिंगोली येथे महिला गटांच्या कार्यकर्ता मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'मोबाइलवरचे खेळ आणि मुली' असा विषय वाचून सकाळी दोघीतिघींनी मला विचारलं, "ताई, हुंडा, दारू, रेशन, रोजगार हमी हे सगळं संपलं का, म्हणून आता गेमवर बोलायचं?" प्रश्न रास्त आहे. यातलं काहीच संपलेलं नाही. पण गेल्या गणपतीत कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात मी जे पाहिलं, त्यामुळे मला हा विषय आपलाच वाटू लागला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्या वस्त्यांत 'गेम' म्हटलं की बायांच्या डोळ्यांपुढे पैसे लावून खेळायची रमी येते, आणि तिच्यापायी विकलेली म्हैस येते. मी त्याबद्दल बोलत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे संघ करून, नियमाने, कौशल्यावर खेळायच्या स्पर्धा, यांना वेगळी मान्यता मिळाली. मी बोलणार आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

तर त्या गावात मंडळाच्या पोरांनी गणपतीत 'फ्री फायर मॅक्स'ची स्पर्धा ठेवली होती. चारास चार असा सामना. सातपैकी आधी चार डाव जो जिंकेल तो पुढे. बारा टीमनी नावं दिली. त्यातली एक मुलींची होती. अकरावी-बारावीतल्या चौघी. त्यांनी टीमचं नाव ठेवलं होतं 'कयाधू', आपल्या नदीवरून.

स्पर्धेच्या चार दिवस आधी मंडळाच्या फळ्यावर यादी लागली. पोरं तिला 'रँकिंग' म्हणत होती. कोणती टीम किती भारी, हे खेळाआधीच नंबर लावून लिहिलेलं. पहिल्या नंबरपासून अकराव्यापर्यंत टीमची झोकदार नावं. आणि बाराव्या नंबरपुढे फक्त एक शब्द: 'पोरी'.

मला आधी ती पोरांची टिंगल वाटली. पण त्या नंबरावर पुढचं सगळं ठरलेलं होतं. पहिल्या चार टीमना पहिली फेरी माफ. उरलेल्या आठांनी नंबराप्रमाणे आपापली वेळ निवडायची. शेवटच्या नंबराला उरलीसुरली वेळ, म्हणजे रात्री साडेदहा. आता रात्री साडेदहाला कोणत्या घरची मुलगी समाजमंदिरात जाईल? मुलींनी खेळू नये असं कुणीही म्हटलं नव्हतं. नुसती एक यादी लावली होती, आणि त्या यादीने आपोआप त्यांना घरी बसवलं असतं.

बायांनो, हे रँकिंग गावच्या पोरांनी शोधून काढलेलं नाही. जगभर ज्या मोठ्या लीग चालतात, त्यांत हंगाम सुरू होण्याआधी जाणकार मंडळी अशा याद्या छापतात. त्याचं एक उदाहरण सांगते. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेत 'ओव्हरवॉच लीग' नावाची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या हंगामात बारा संघ. सहा जणांविरुद्ध सहा जणांचा खेळ. हंगामाआधी जाणकारांची मोठी पसंती होती दक्षिण कोरियाच्या 'सोल डायनॅस्टी'ला. झालं काय? ४० सामन्यांत २२ जिंकून तो संघ आठवा आला आणि बाद फेरीलासुद्धा पोचला नाही. अंतिम सामना झाला तो साखळीत पाचव्या आणि सहाव्या आलेल्या लंडन आणि फिलाडेल्फिया या संघांत, आणि लंडन जिंकलं.

याच लीगमध्ये चीनचा 'शांघाय ड्रॅगन्स' हा संघ होता. पहिल्या हंगामात तो ४० पैकी ४० सामने हरला. याच संघाने २०१८ च्या फेब्रुवारीत किम से-येऑन नावाच्या कोरियन मुलीला घेतलं. खेळातलं तिचं नाव गेगुरी. त्या लीगमधली ती पहिली स्त्री खेळाडू. तिच्या मागे एक जुनी गोष्ट होती. २०१६ साली, शाळकरी वयात, ती इतकं अचूक खेळली की समोरच्या संघाने आरोप केला, ही पोरगी लबाडी करते, नेम धरायला बेकायदा प्रोग्राम वापरते. कंपनीने तपासून सांगितलं की लबाडी नाही. तरी तिला एका स्टुडिओत कॅमेऱ्यापुढे, लोकांच्या देखत खेळून दाखवावं लागलं. आपल्याकडे बाईने चांगला हिशेब लिहिला तर विचारतात, "कुणाकडून लिहून घेतला?" त्यातलाच हा प्रकार. पोरगा चांगला खेळला तर तो हुशार, पोरगी चांगली खेळली तर चौकशी.

पुढे काय झालं तेही ऐका. ओळीने ४२ पराभव झाल्यावर २०१९ च्या फेब्रुवारीत शांघायने पहिला सामना जिंकला. त्याच वर्षी लीगच्या एका टप्प्याचं विजेतेपद मिळवलं. आणि २०२१ मध्ये हा संघ अख्ख्या लीगचा विजेता झाला.

आता इथे टाळ्या घेण्याचा मोह होतो, की बघा, एक मुलगी आली आणि संघ जिंकला! पण ते खरं नाही. २०२१ च्या हंगामाआधीच गेगुरी संघातून बाहेर पडली होती. मधल्या काळात जवळजवळ सगळा संघच बदलला होता. ही लीगसुद्धा २०२३ नंतर बंद झाली. मला एवढंच म्हणायचं आहे की यादी करणारा पुढचं सांगत नसतो. तो मागचं बघून लिहितो. मागच्या हंगामात कोण जिंकलं, कुणाचं नाव झालं, कुणाच्या मागे पैसा आहे, यावरून तो नंबर लावतो. ज्यांना मागच्या हंगामात मैदानात येऊच दिलं नाही, त्यांच्याबद्दल त्याच्याकडे लिहायला काही नसतं. मग तो त्यांना शेवटी टाकतो, नाहीतर गाळून टाकतो. मागचा अन्याय असा पुढच्या वर्षाच्या हिशेबात शिल्लक म्हणून येतो.

वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात हळदीचा सौदा आपण पाहिलाय. व्यापारी ढिगाशी येतो, हळकुंड हातात घेतो, मोडून आतला रंग बघतो, मग बोली लावतो. भाव कमी दिला म्हणून आपण भांडतो, पण निदान माल तरी त्याने पाहिलेला असतो. इथे पोतं उघडण्याआधीच भाव फुटला होता.

आणि नंबरामागे काय काय असतं? स्वतःचा फोन असतो. सरावाला वेळ असतो. सोबत खेळणारे असतात. त्या चौघींपैकी एकीकडेही स्वतःचा फोन नव्हता. कुणाचा आईचा, कुणाचा भावाचा, तो झोपल्यावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशाच्या ग्रामीण भागात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया शंभरात पंचवीसही नव्हत्या. पुरुष होते जवळजवळ एकोणपन्नास. २०२४ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी देशातल्या सात नामवंत गेमर्सना भेटायला बोलावलं, त्यांत स्त्री एकच होती, आपल्या नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातली पायल धारे. सातात एक हा आकडा मुलींच्या बोटांत जोर नाही म्हणून येत नाही. फोन कुणाच्या खिशात असतो, त्यावरून येतो.

गावाकडे परत येते. चौघी माझ्याकडे आल्या. त्यांचं मागणं लहान होतं. टीमचं नाव लिहावं आणि वेळ दिवसाची मिळावी. आम्ही मंडळाकडे गेलो. पोरं काही वाईट नव्हती. त्यांच्यातला एक अगदी सरळपणे म्हणाला, "ताई, आम्ही ह्यांचा खेळ कधी पाहिलाच नाही, मग वर कसं लिहिणार?" त्यावर चौघींपैकी सगळ्यात लहान होती ती म्हणाली, "पाहिला नाही, तर खाली तरी कसं लिहिलं?"

पोरगा गप्प झाला. थोडा वाद झाला, पण शेवटी ठरलं की चिठ्ठ्या टाकायच्या. कुणाला फेरी माफ नाही करायची तर स्पर्धा बसत नाही, म्हणून तेही चिठ्ठीने. वेळही चिठ्ठीने, पण सगळे सामने अंधार पडायच्या आत. फळ्यावर 'पोरी' पुसून 'कयाधू' लिहिलं गेलं.

सामना झाला, आणि कयाधू हरली. चार विरुद्ध तीन. शेवटच्या डावात दोन्हीकडे एकेक जण उरला होता, आणि तेवढ्यात मुलीच्या हातातला फोन वाजला. फोन आईचा. पलीकडे शेतमालक विचारत होता, उद्या खुरपायला किती बाया येणार? तेवढ्यात डाव गेला. पोरं हसली. आईसुद्धा हसली, पण नंतर मला म्हणाली, "माझ्या फोननं पोरगी हरली की वो ताई." मी तिला म्हटलं, तुझा फोन होता म्हणून ती खेळली तरी.

मैत्रिणींनो, त्या रात्री परत येताना मला माझीच एक यादी आठवली. आपण बचत गटांची प्रतवारी करतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब, ही पंचसूत्री तपासतो आणि अ, ब, क लिहितो. ही पद्धत चांगली आहे. निदान गटाचं सहा महिन्यांचं काम पाहून आपण लिहितो. पण काही वर्षांपूर्वी मी एका गटापुढे 'क' लिहिला, कारण पाच महिने बैठकच झालेली नव्हती. त्या बाया ऊसतोडीला गेल्या होत्या. कारखान्याच्या फडावर त्या आपसात पैसे गोळा करत होत्या, एकमेकींना देत होत्या, पण ते माझ्या रकान्यात बसत नव्हतं. बँकेचं कर्ज त्यांना वर्षभर उशिरा मिळालं. तो गट मोडला नाही, ही त्यांची थोरवी. माझी चूक मी आज तुमच्यापुढे कबूल करते. शिबिराला कुणाला पाठवायचं, व्यासपीठावर कुणाला बोलवायचं, याच्या याद्याही आपण मागच्याच याद्या बघून करतो. तेच तेच चेहरे वर राहतात.

सोलमध्ये २०१७ च्या जानेवारीत स्त्रियांचा मोर्चा निघाला, त्यात गेम खेळणाऱ्या मुलींची एक संघटना स्वतःचा झेंडा घेऊन चालली होती. ओव्हरवॉच खेळात डी.व्हा नावाची एक तरुण नायिका आहे. भविष्यकाळातली, खेळाडूची सैनिक झालेली. त्या मुलींचं म्हणणं असं की अशी मुलगी खऱ्या जगात घडायची असेल, तर तिला जगता येईल असं जग आधी घडवायला हवं. त्यांनी त्यासाठी मोर्चा काढला. आपल्याला निदान गावचा फळा पुसता येईल.

म्हणून तुमच्याकडे तीन गोष्टी मागते. पहिली, घरात एकच फोन असेल तर त्यावर मुलीचाही ठरलेला वेळ असू द्या, मग ती अभ्यास करो की खेळो. भावाच्या वेळेचा हिशेब आपण मागत नाही, तिच्याही मागू नका. मर्यादा घालायची तर दोघांना सारखी घाला. दुसरी, गावात कोणतीही स्पर्धा असो, मोबाइलची असो की कबड्डीची, वेळापत्रक लागण्याआधी आपल्या गटाच्या दोघींनी मंडळाकडे जाऊन यावं. नंतर तक्रार करून वेळ बदलत नाही. तिसरी, आपल्या कपाटातल्या याद्या काढा. ज्या नावांपुढे 'क' आहे, त्या नावांकडे एकदा जाऊन बसा आणि विचारा की तुम्ही कुठे होता.

परवा त्या गावात गेले होते. मंडळाची बैठक चालू होती. यंदाही स्पर्धा आहे आणि पोरांना यंदा पुन्हा यादी लावायची आहे. मी म्हटलं लावा, काही हरकत नाही. कारण आता कयाधूला 'मागचं वर्ष' आहे. त्यात तीन डाव जिंकल्याची नोंद आहे. चौघींतली एक लग्न होऊन परभणीला गेली, तिच्या जागी नववीतली एक आली आहे. आणि ज्या आईचा फोन वाजला होता, तिने मला आपणहून सांगितलं, "औंदा सामन्याच्या आधी मालकाला सांगून ठेवते, त्या तासात फोन करू नका म्हणून."